एकत्र की वेगळं

काष्टीच्या बाजारात चिंचा यायला लागल्या की मला शनिवार नकोसा होतो.

एरवी मी या बाजाराला आवडीने जातो. पण माघ सरून फाल्गुन लागला की पोत्यांवर फोडलेल्या चिंचांचे काळपट ढीग पडतात. पलीकडे वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्या ओतलेल्या असतात आणि त्यांच्या वाऱ्याने अख्खी ओळ शिंकत असते. टेम्पोतून कलिंगडं उतरतात. जनावरांच्या बाजाराकडून पेंडीचा आणि तापलेल्या धुळीचा वास येतो. आणि उन्हाळी भेंडी येते, कोवळी, अंगावर लव असलेली. बायका तिच्यापुढे उकिडव्या बसतात, एकेक भेंडी उचलतात आणि अंगठ्याने तिचं टोक मोडून बघतात. कोवळी असेल तर टक् करून टोक तुटतं, निबर असेल तर नुसतं वाकतं. विकणारी बघत असते, पण काही म्हणत नाही. भाजी घ्यायची तर मोडून बघायचीच, हे दोघींनाही ठाऊक असतं.

तो एवढासा आवाज मला ऐकवत नाही. तो ऐकला की मी इथून फार लांब, एका स्वच्छ, गारठलेल्या दुकानात जाऊन उभा राहतो. शेजारी माझी आई असते. तिच्या हातात घेवड्याची शेंग असते आणि ती मोडून बघत असते.

आम्ही ख्रिस्ती आहोत. चिंचांचे दिवस तेच आमच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे दिवस. या दिवसांत माणसाने आपल्या चुका आठवाव्यात असं लहानपणापासून शिकवलेलं आहे. मला आठवाव्या लागत नाहीत. एक चूक नऊ वर्षं माझ्याजवळ आहे. ती मी बायकोलाही सांगितलेली नाही.

तेव्हा मी जर्मनीत होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीने चार वर्षांसाठी पाठवलेलं. गाव लहान होतं, नदीकाठचं. मुलगी दहावीत, बायकोची पुण्यातल्या शाळेत नोकरी, त्यामुळे मी एकटाच होतो. वडील गेले त्या वर्षी आई काष्टीच्या घरात एकटी पडली, म्हणून मी तिला अडीच महिन्यांसाठी बोलावून घेतलं. अडुसष्ट वर्षांची बाई, आयुष्यभर दवाखान्यात आयाचं काम केलेली, पहिल्यांदा विमानात बसली. येताना तिने चिंचेचा गोळा आणला होता, शेंगदाण्याची चटणी आणि दोन कापडी पिशव्या. "बाजाराला पिशवी नगं का?" म्हणाली.

दिवसभर मी कामावर. ती खिडकीशी बसून रिकामा रस्ता बघायची. तिला बाहेर जायला एकच जागा होती, ती म्हणजे कोपऱ्यावरचं मोठं दुकान. मी आलो की आम्ही दोघं तिथे जायचो. तिच्यासाठी ते दुकानच चर्च, शेजारपाजार, सगळं होतं.

तिथल्या खरेदीच्या तऱ्हा तिने एकेक करून शिकून घेतल्या. दुकानाबाहेर सामानाच्या गाड्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या असत. खाचेत एक नाणं सरकवलं की साखळी सुटायची, गाडी परत नेऊन बांधली की नाणं परत मिळायचं. ते बघून आई पहिल्यांदा मनापासून हसली. "दावनीला बांधल्यात की रं," म्हणाली. तेव्हापासून गाडी सोडायचं आणि बांधायचं काम तिचं. बांधल्यावर गाडीच्या दांड्यावर हलकेच थापटायचीसुद्धा.

कोथिंबीर तिथे जिवंत मिळायची. मातीसकट, कुंडीत. आईला ते पटेना. "ही भाजी हाय का झाड? चिरायची का पानी घालायचं?" तिने दोन्ही केलं. वरून चिरायची, खाली पाणी घालायची, खिडकीत ठेवायची. रिकाम्या बाटल्या भिंतीतल्या एका यंत्राच्या तोंडात घातल्या की ते त्या गिळायचं आणि चिठ्ठी द्यायचं. ती चिठ्ठी दुकानात चालायची. मग आई बागेतल्या बाकांखालच्या बाटल्या गोळा करून आणायला लागली. मी म्हणालो, "आई, इथे हे गरीब लोक करतात. कोणी बघितलं तर?"

"बघितलं तर काय? मी काय चोरलंय?" ती म्हणाली. पण मी बरोबर असलो की ती बाटल्यांकडे बघायची नाही. माझ्या तोंडाकडे बघायची.

गावाबाहेर शेताच्या कडेला एक लाकडी मांडणी होती. तिच्यावर बटाट्यांच्या पिशव्या, अंडी, आणि शेजारी एक डबा. विकणारं कोणी नाही. हवं ते घ्यायचं, डब्यात पैसे टाकायचे, चालू लागायचं. आई तिथे बसून राहिली.

"चल ना. पैसे टाकलेत मी."

"मालक येऊं दे."

"मालक येत नाही आई. अशीच पद्धत आहे."

"आरं पन कुनी घ्या म्हनल्याबिगर घ्यायचं कसं?"

अर्ध्या तासाने ट्रॅक्टरवरून एक म्हातारा आला. आईने पिशवी उचलून त्याला दाखवली, त्याने मान हलवली, आणि मग आम्ही निघालो. वाटेत ती म्हणाली, "चांगला हाय मानूस. येकटाच दिसतोय."

तिची एक सवय मी तेव्हा नीट ओळखली नव्हती. कुठलीही नवी पद्धत तिला सांगितली की ती लगेच मान्य करायची नाही. ती बाजूला उभी राहायची आणि इतरांना बघायची.

याचं कारण मला बशीच्या वेळी कळलं. तिथे गल्ल्याजवळ काचेची एक बशी असते. पैसे हातात द्यायचे नाहीत, बशीत ठेवायचे. सुटे परत येतात तेही बशीतच. पहिल्याच आठवड्यात आईने हौसेने नोट पुढे केली आणि गल्ल्यावरच्या बाईने हात पुढे न करता बोटाने बशी दाखवली. आईचा हात तसाच राहिला. तिचा चेहरा असा झाला की मी घाबरलो.

आई जामखेडकडच्या एका गावातली. आमची माणसं तिकडे गावाबाहेर राहायची. तिच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात गेलं की पैसे खालच्या पायरीवर ठेवायचे. तो त्यांवर पाणी शिंपडून मग उचलायचा. मिठाची पुडी वरून टाकायचा. झेलता आली तर झेलायची. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, मी नववीत असताना, तेही दुसरंच काहीतरी सांगता सांगता.

"आई, ते सगळ्यांसाठीच आहे," मी घाईघाईने म्हणालो. "इथली पद्धत आहे. सगळेच बशीत ठेवतात."

तिने नोट बशीत ठेवली. पण सामान घेतल्यावर ती निघेना. दारापाशी, टोपल्यांच्या चळतीला टेकून ती उभी राहिली आणि बघत राहिली. एक म्हातारा आला, त्याने बशीत ठेवले. कोट घातलेली एक बाई आली, तिने बशीत ठेवले. मग कामगारांसारखे दिसणारे दोघं. आईने चार माणसं मोजली.

"सगळ्यांनाच हाय," ती म्हणाली. "मंग चालतंय." आणि गाडी बांधायला गेली.

नंतर ती बशीवर खूशही झाली. घरी खेळातल्यासारखी तशीच एक बशी मांडून तिच्यात माझ्यासाठी शेंगदाणे ठेवायची.

आता ठोकळ्याचं सांगतो.

तिथे गल्ल्याअलीकडे एक रबरी पट्टा सरकत असतो. प्रत्येकाने आपलं सामान त्यावर मांडायचं. आपलं संपलं की वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा तिकोनी ठोकळा आडवा ठेवायचा, म्हणजे मागच्याचं सामान आपल्यात मिसळत नाही. सगळे तो ठेवतात, न बोलता, आणि मागचा माणूस मानेनेच आभार मानतो. आई थोडं सामान आपल्या मनाचं घ्यायची, आपल्या चिठ्ठीवर, आपल्या बटव्यातल्या नाण्यांत. ते ती माझ्या सामानाला लागूनच ठेवायची. गल्ल्यावरची बाई दोघांकडे बघून विचारायची, "त्सुझामेन?" म्हणजे एकत्र का? मी हो म्हणायचो. दोन-तीन वेळा ऐकून आईने तो शब्द उचलला. मग गल्ल्यावरून विचारलं रे विचारलं की माझ्याआधी आईच उत्तर द्यायची, "सुझामन, सुझामन." शाळेतल्या पोरीने हजेरी द्यावी तसं. त्या भाषेतला तेवढाच एक शब्द तिला येत होता.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. शुक्रवारी दुकानं बंद, रविवारी बंद, सोमवारी ईस्टरची सुट्टी म्हणून बंद. त्यामुळे अख्खं गाव वेढा पडणार असल्यासारखं खरेदीला लोटलं होतं. आईला ती गर्दी बघून बरं वाटलं. "आज बाजार भरलाय बग," म्हणाली. तिने पायात मोजे आणि त्यावर सँडल घातले होते, साडीवर माझं जुनं जाकीट, हातात कापडी पिशवी. ती घेवड्याच्या शेंगांपाशी थांबली.

मी अंड्यांकडे गेलो होतो. मागे वळून बघतो तर आई शेंगा मोडत होती. एक मोडली, बाजूला ठेवली. दुसरी मोडली. दुकानातला एक माणूस तिच्याशी बोलत होता, आवाज चढवून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. आईला काहीच कळत नव्हतं. तिने हसून एक अर्धी शेंग त्याच्यापुढे धरली, बघ किती कोवळी आहे, अशी. चार-पाच लोक थांबून बघत होते. त्यांत आमच्या विभागाचे प्रमुख होते, बायकोबरोबर.

दोन महिन्यांनी माझी मुदत वाढवायची की नाही हे तेच ठरवणार होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या क्षणी मुदतीचा विचार माझ्या डोक्यात होता की नाही, मला खरंच आठवत नाही. मला फक्त कान तापलेले आठवतात.

मी जाऊन त्या माणसाची माफी मागितली, मोडलेल्या शेंगा पिशवीत भरल्या आणि आईला म्हणालो, "चल आता. कशाला हात लावू नको."

"कवळ्या हायेत," ती म्हणाली.

रांगेत आमच्या मागे येऊन प्रमुखच उभे राहिले. सुट्टीत काय करणार, त्यांनी विचारलं. मी काहीतरी म्हणालो. मी माझं सामान मांडलं. आईने लागूनच आपलं मांडलं: घेवडा, कोथिंबिरीची कुंडी, बाटल्यांची चिठ्ठी. प्रमुखांनी तिच्या सामानामागे ठोकळा ठेवला आणि ती चिठ्ठी बघितली, किंवा बघितली असं मला वाटलं. पट्टा सरकला. गल्ल्यावर नवीनच एक पोरगी होती, विशीतली. तिने माझं सामान ओढत ओढत आईच्या घेवड्यापाशी हात थांबवला आणि विचारलं, "त्सुझामेन?"

आईने तोंड उघडलं होतं. तिचा पहिला "सु" माझ्या कानांवर आला.

मी कडेचा दुसरा ठोकळा उचलला आणि माझ्या दुधाच्या आणि तिच्या घेवड्याच्या मधे ठेवला. म्हणालो, "नाही. वेगळं."

सांगायला एवढंच आहे. हात उचलून एक ठोकळा ठेवायला किती वेळ लागतो? मी माझे पैसे दिले, सामान उचलून पलीकडे गेलो आणि पिशवी भरत रांगेतल्या प्रमुखांशी हवेबद्दल बोलत राहिलो. आई गल्ल्यापुढे एकटी उभी होती. पोरीने रक्कम सांगितली. आईला आकडे कळत नव्हते. तिने माझ्याकडे बघितलं. मी दुधाचा खोका नीट बसवत होतो. मग तिने बटवा सगळा तळहातावर उपडा केला आणि तो हात पुढे धरला. बशी तिथेच होती. पण ती पोरगी गल्ल्यावर वाकली आणि आईच्या तळहातावरून एकेक नाणं बोटाने सरकवत, तिला दाखवत, उचलून घेऊ लागली. मग आईची मूठ आपल्या हाताने मिटवली. परक्या गावातल्या परक्या पोरीने. मी चार पावलांवर होतो.

आई कुंडी छातीशी धरून बाहेर आली. त्या दिवशी गाडी मीच बांधली. पुलावर आल्यावर म्हणाली, "पोरगी चांगली हुती. हातातनं घेतले."

"हं."

"ते मधी ठेवायचं असतं व्हय? ठोकळा?"

"हो. पद्धत आहे तशी."

"आई-लेकाचं बी?"

"हो."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि कुंडीतली कोथिंबीर वाऱ्याने मोडू नये म्हणून पदर तिच्यावर घेतला.

शनिवारी दुकान उघडं होतं. आम्ही परत गेलो. रांगेत आईने आपलं सामान मांडण्याआधी ठोकळा उचलला, दोन्ही हातांनी, आणि माझ्या सामानामागे सरळ रेषेत ठेवला. मग आपल्या दोन वस्तू त्याच्या मागे ठेवल्या. गल्ल्यावरच्या बाईला विचारावंच लागलं नाही. आणि मग आईने नेहमीचं केलं. ती दारापाशी टोपल्यांना टेकून उभी राहिली आणि बघत राहिली. शेजारच्या रांगेत एक म्हातारी आणि तिचा माझ्याच वयाचा मुलगा होता. त्यांचं सगळं एका ढिगात होतं. म्हातारीच्या औषधी चहावर त्याच्या बिअरच्या बाटल्या आडव्या पडलेल्या. त्यांच्यामागे एक बाप आणि मुलगी, त्यांचंही तसंच. आईने बघितलं. तिने बघितलेलं मी बघितलं. ती म्हणाली, "चल," आणि गाडी बांधायला गेली.

त्या वेळी बोलता आलं असतं. पुलापर्यंतचा अख्खा रस्ता होता. रविवारी ईस्टरची उपासना संपून चर्च रिकामं झाल्यावरही आम्ही शेजारी शेजारी बसून होतो, तिथेही बोलता आलं असतं. पुढचा दीड महिना ती न चुकता ठोकळा ठेवत राहिली आणि मी ठेवू देत राहिलो. "सुझामन" हा शब्द तिने पुन्हा कधी उच्चारला नाही.

सुट्टीनंतर कामावर गेलो तेव्हा प्रमुख म्हणाले, "आईंना आमचा नमस्कार सांगा. चेहरा अगदी तुमचाच आहे." म्हणजे मी जे लपवलं ते ज्यांच्यापासून लपवलं त्यांना पहिल्यापासून दिसत होतं. तो नमस्कार मी आईला सांगितला नाही. सांगितला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मुदत वाढली. आई परत आली. दोन वर्षांनी मीही परत आलो आणि श्रीगोंद्याजवळ एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो. बायकोने इकडेच शाळा धरली. आई आमच्याजवळ राहिली. तोपर्यंत काष्टीच्या बाजारात ती जर्मनीची बाई म्हणून प्रसिद्ध झाली होती. भाजीवाल्या शेवंताबाईंच्या पालाखाली बसून ती बायांना गोष्टी सांगायची. दावणीच्या गाड्या, बाटल्या गिळणारी भिंत, झाडासकट कोथिंबीर, मालकाविना दुकान. बाया हसून हसून पदर तोंडाला लावायच्या. एकदा मी चिंचा घेऊन पालामागे आलो तेव्हा ती सांगत होती, "आन् तिकडं आई-लेकाचं सामान सुदिक येगळं. मधी ठोकळा ठेवायचा."

"काय बाई तरी," कोणीतरी म्हणालं. "पोटचं लेकरू आन् येगळं?"

"पद्धतच हाय तिकडची," आई म्हणाली. "वंगाळ काय न्हाई त्यात. सगळ्यांना असती."

मी पालामागे तसाच उभा राहिलो. चिंचांची पिशवी जड होती. मला वाटलं होतं की तिला माझं खरं वाटलं असावं. दुकानाच्या दारापाशी तिने काय बघितलं ते माहीत असूनही मी हे स्वतःला वाटू दिलं, कारण ते सोयीचं होतं.

पण ती आणि मी बाजाराला आलो की ती दोन पिशव्या घ्यायची. एक हिरवी, ती माझी. एक तिच्या जुन्या साडीच्या काठाची शिवलेली, ती तिची. घरचं सगळं हिरव्या पिशवीत. तिची तंबाखूची मिश्री, लिमलेटच्या गोळ्या, कधी वाटलं तर पावशेर भेंडी, हे तिच्या पिशवीत. "माझं येगळं असूं दे," म्हणायची. रागाने नाही, कुरकुरत नाही. रस्ता ओलांडताना हात धरावा तसं सहज. घरी एकाच चुलीवर शिजायचं ते. मी एकदाही म्हणालो नाही की आई, दे इकडे, एकातच टाकू.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटचे पंधरा दिवस अंथरुणावर होती आणि मी रजा काढून जवळ होतो. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं. एकदा सुरुवातही केली. "आई, तिकडे असताना मी..." ती म्हणाली, "लई थंडी हुती तिकडं." आणि डोळे मिटले. तिने वाट बंद केली की मला मोकळं केलं, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

अजूनही मी बाजाराला दोन्ही पिशव्या घेऊन जातो. हिरवी भरतो. दुसरी घडी करून काखेत ठेवतो आणि तशीच परत आणतो. बायको विचारत नाही.

गेल्या शनिवारी, ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, मी शेवंताबाईंच्या पालाशी गेलो. शेवंताबाई आता सत्तरीच्या आहेत. पुढ्यात भेंडी, गवार, मेथी, आणि एका हाताने पाणी शिंपडणं चालू. मला बघून म्हणाल्या, "या सुधीरभाऊ. आमची नात निघाली बगा, जर्मनीला. नर्स झालीया. तिकडची भाषा शिकतीया रोज, आमाला काय कळंना."

"चांगलं झालं," मी म्हणालो.

"तुमी राहून आलाय. तिला काय काय सांगून धाडायचं ते सांगा. रत्नाबाई, तुमची आई, सांगायची तिकडच्या येकेक तऱ्हा." त्यांनी भेंडीवरचा हात थांबवला. "खरंच का हो, तिकडं आईचं आन् लेकाचं सामान येगळं ठेवत्यात?"

शेजारी एक बाई भेंडीची टोकं मोडत होती. टक्. टक्.

मला हो म्हणता आलं असतं. आईने बांधून दिलेली गोष्ट होती ती, सगळ्या बाजाराला माहीत असलेली, सगळे हसलेले. मी हो म्हणालो असतो तर शेवंताबाईंनी अर्धा किलो भेंडी तोलून दिली असती आणि मी घरी गेलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "तशी पद्धत नाही. आई-लेकाचं एकत्रच ठेवतात. ते मी केलं होतं. मला लाज वाटली होती तिची."

भेंडी मोडणाऱ्या बाईने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. शेवंताबाई गवारीच्या शेंगा एका दिशेने लावत राहिल्या.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"रत्नाबाईच म्हनली. समद्या बाया हसून उठून गेल्यावर. म्हनली, शेवंता, बाकीच्या पद्धती मी हुबं राहून राहून बघितल्या, सगळ्यांना हुत्या. ही येवढीच न्हवती."

मिरच्यांच्या ओळीत कोणीतरी शिंकलं. मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आनकी काय म्हननार? भेंडी मोडून बघितली आन् पावशेर घेतली."

"मग तुम्ही मला आत्ता का विचारलंत?"

"नातीला येवढ्या लांब धाडायची," शेवंताबाई म्हणाल्या. "खरं सांगनारा मानूस पायजे का नगं?" आणि तराजू हातात घेतला. "भेंडी किती?"

"अर्धा किलो. गवार पाव."

मी खाली बसलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा एक भेंडी उचलून तिचं टोक मोडलं. कोवळी होती. शेवंताबाईंनी तोललं, पारडं हातात धरून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या काखेकडे.

"कंच्या पिशवीत टाकू?"

हिरवी पिशवी माझ्या हातात उघडीच होती. मी ती खाली ठेवली आणि काखेतली काढली. घडीवर घडी बसून कापड ताठ झालं होतं. आतून अजून मिश्रीचा वास येत होता. मी तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

"एकत्रच टाका," मी म्हणालो.

शेवंताबाईंनी भेंडी ओतली, तिच्यावर गवार ओतली, आणि सवयीने वर मूठभर कोथिंबीर टाकली.